जुन्या लेन्सला संरक्षक फिल्टर: माप, आटे आणि अडकलेली रिंग

जुनी लेन्स हातात आली की पहिला सल्ला ठरलेला असतो: ‘आधी पुढे एक यूव्ही फिल्टर लावून टाक.’ यूव्ही फिल्टर म्हणजे लेन्सच्या तोंडावर बसवायची, अतिनील किरण अडवणारी काच. सल्ला चांगलाच आहे, फक्त त्याचं कारण बहुतेक जण चुकीचं सांगतात. फिल्टर लावला की कॅमेरा पडला तरी लेन्स वाचते, असा समज आहे. फिल्टरची काच जेमतेम एक-दोन मिलिमीटर जाडीची असते. ती जरा धक्का लागला की फुटते आणि तिचे धारदार तुकडे मागच्या काचेवरच घासतात. लेन्सची पुढची काच तिच्यापेक्षा कितीतरी जाड आणि दणकट असते. त्यामुळे फुटका फिल्टर दाखवून ‘बघा, लेन्स वाचली’ म्हणणाऱ्याची लेन्स फिल्टर नसता तरी बहुधा वाचली असती. पडझडीची भीती असेल तर धातूचं हूड, म्हणजे लेन्सच्या पुढे येणारं नळकांडं, लावावं.

जुन्या लेन्सचा खरा वैरी म्हणजे खिशातला रुमाल. काचेवर परावर्तन कमी करणारा थर चढवण्याची पद्धत झाइस कंपनीत अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ मध्ये शोधली. पण चाळीस-पन्नासच्या दशकांतले बरेच थर नाजूक होते, आणि काही लेन्सची पुढची काचही मऊ जातीची होती. त्या काळातली लायकाची एखादी लेन्स टॉर्चच्या तिरप्या उजेडात धरून पाहा. काचेवर बारीक गोलगोल ओरखड्यांचं जाळं दिसेल. हे ओरखडे पडल्याझडल्याचे नसून पन्नास-साठ वर्षं कुणी ना कुणी शर्टाच्या टोकाने केलेल्या ‘सफाई’चे असतात. फिल्टर बसवायचा तो यासाठी, म्हणजे पुसायची वेळ आली की आपण फिल्टर पुसतो.

हे एकदा लक्षात आलं की पुढचे निर्णय सोपे होतात. फिल्टर कायम लेन्सवर राहणार, म्हणून त्याची काच चांगली हवी. तो नीट बसायला हवा आणि हवा तेव्हा निघायलाही हवा. जुन्या लेन्सच्या बाबतीत घोळ होतो तो या बसण्या-निघण्यातच.

आधी ओळखा: आटे आहेत की आणखी काही?

सत्तरच्या दशकातल्या एसएलआर (आरशाच्या मदतीने लेन्समधूनच दृश्य दाखवणाऱ्या कॅमेऱ्यांच्या) लेन्स पाहिलेल्या माणसाला वाटतं की फिल्टर म्हणजे आट्यांवर फिरवून बसवायची वस्तू. त्याआधीच्या काळात मात्र चार वेगवेगळ्या तऱ्हा होत्या, आणि जुन्या बाजारात त्या चारही भेटतात.

पहिली तऱ्हा आट्यांची. लेन्सच्या पुढच्या कडेच्या आतल्या बाजूने बोट फिरवलं की बारीक रेघा लागतात.

दुसरी तऱ्हा बायोनेटची. आटे नसतात, कडेला छोटे कान असतात. फिल्टर त्यांत घालून जरासा फिरवला की अडकतो. रोलाइफ्लेक्स आणि त्या वळणाच्या दोन लेन्सच्या कॅमेऱ्यांवर हीच पद्धत दिसते. हॅसलब्लाडच्या जुन्या सी मालिकेतल्या ८० मिमी लेन्सवर बी-५० नावाचं बायोनेट असतं, तर नंतरच्या सीएफ मालिकेवर बी-६०.

तिसरी तऱ्हा बाहेरून ढकलून बसवायची. लेन्सचं तोंड गुळगुळीत असतं आणि फिल्टरची रिंग त्यावर घट्ट बसते, कधी बाजूच्या छोट्या स्क्रूने आवळावी लागते. लायकाच्या जुन्या एल्मार ५० एफ/३.५ वर ३६ मिमीचा असा फिल्टर बसतो. या लेन्सचं अ‍ॅपर्चर (प्रकाश आत सोडणारं छिद्र) बदलायचा खटका समोरच्या तोंडावरच आहे, त्यामुळे साधा फिल्टर लावला की अ‍ॅपर्चर बदलताना दर वेळी तो काढावा लागतो. अशा लेन्सला कायमचा फिल्टर लावायच्या भरीस मी पडणार नाही. टोपी आणि ब्लोअर यांवर तिचं भागतं.

चौथी तऱ्हा ‘सिरीज’ फिल्टरची. यात फिल्टरच्या काचेभोवतीच्या रिंगला आटेच नसतात. ती नुसती चकती लेन्सवरच्या अ‍ॅडॉप्टरमध्ये ठेवायची आणि वरून दुसरी रिंग फिरवून दाबायची. मापं रोमन आकड्यांत असतात: सिरीज ६ म्हणजे सुमारे ४१.३ मिमी, ७ म्हणजे ५०.८, ८ म्हणजे ६३.५. लायकाच्या सुरुवातीच्या आर लेन्ससुद्धा असेच फिल्टर घेतात. वरची दाबणारी रिंग हरवली असेल तर फिल्टर मिळूनही उपयोग नसतो, म्हणून अशी लेन्स घेताना ती रिंग जागेवर आहे का ते पहिल्यांदा पाहावं.

माप काढणं

आट्यांच्या लेन्सचं माप अनेकदा लेन्सच्या तोंडावर कोरलेलं असतं, शून्यावर तिरकी रेघ मारलेल्या चिन्हापुढे. जुन्या लेन्सवर ते नसण्याचीच शक्यता जास्त. नेहमी हाती लागणाऱ्या काही लेन्सची मापं इथे देतो (५० एफ/१.४ म्हणजे ५० मिमी फोकल अंतराची, एफ/१.४ पर्यंत उघडणारी लेन्स; शेवटचा आकडा फिल्टरच्या मापाचा):

- असाही पेंटॅक्सच्या ताकुमार ५० एफ/१.४, ५५ एफ/१.८ आणि १३५ एफ/३.५: ४९ मिमी
- हेलिओस ४४-२: ४९ मिमी, नंतरच्या हेलिओस ४४एम: ५२ मिमी
- निकॉनच्या निक्कॉर ५० एफ/१.४, ५० एफ/२ आणि १०५ एफ/२.५: ५२ मिमी
- कॅनन एफडी ५० एफ/१.४, जुनी रिंगने आवळायची: ५५ मिमी, तीच ‘न्यू एफडी’: ५२ मिमी
- ऑलिंपस झुइको ५० एफ/१.८: ४९ मिमी
- यशिका इलेक्ट्रो ३५: ५५ मिमी
- कॅनोनेट क्यूएल१७ जी-थ्री: ४८ मिमी
- ऑलिंपस ट्रिप ३५: ४३.५ मिमी
- ज्युपिटर-८ आणि फेड कॅमेऱ्यावरची इंडस्टार-६१: ४०.५ मिमी

कॅनोनेटचा ४८ आणि ट्रिपचा ४३.५ नीट वाचा. दुकानदार ४८ ला ४९ आणि ४३.५ ला ४३ पुढे करतो. अर्ध्या-एक मिलिमीटरचा फरक डोळ्याला दिसत नाही, पण आट्यांना तो चालत नाही.

यादीत नसलेली लेन्स असेल तर व्हर्नियर कॅलिपर घ्या. प्लास्टिकचा स्वस्तातला चालतो, उलट काचेजवळ तोच बरा. त्याचे आतून मोजायचे छोटे जबडे लेन्सच्या कडेत आडवे धरा आणि सर्वांत मोठं येणारं माप घ्या. आतून मोजलं की माप आट्यांच्या टोकांवर येतं, म्हणून ते फिल्टरच्या नावाच्या मापापेक्षा कमी भरतं. ०.७५ मिमी पिचच्या (दोन आट्यांमधल्या अंतराच्या) आट्यांना हा फरक सुमारे ०.८ मिमीचा. म्हणजे कॅलिपरवर ४८.२ आले तर फिल्टर ४९ चा, ५१.२ आले तर ५२ चा, ५४.२ आले तर ५५ चा. फिल्टरच्या बाजूने मोजाल तर त्याच्या बाहेरच्या आट्यांचं माप नावाच्या जवळपास येतं, ४९ च्या फिल्टरवर ४८.९ च्या आसपास.

आता पिच, म्हणजे एका आट्यापासून दुसऱ्यापर्यंतचं अंतर. ४९, ५२, ५५, ५८ या नेहमीच्या मापांत ते ०.७५ असतं. ४०.५ आणि ३५.५ सारख्या लहान मापांत बहुधा ०.५. लायकाचा ३९ हाही ०.५ चा. पिच चुकलं की फिल्टर अर्धा-पाऊण फेरा छान फिरतो आणि मग एकदम जड होतो. इथे जोर लावला तर आटे मरतात. मोजायचं तर भिंगाखाली पट्टी धरून तीन मिलिमीटरमध्ये किती रेघा येतात ते पाहा. चार आल्या तर ०.७५, सहा आल्या तर ०.५. लेथवाल्याकडे आटे मोजायचं गेज असतं, तो एका मिनिटात सांगतो.

काच निवडताना

यूव्ही, स्कायलाइट, क्लिअर असे तीन प्रकार समोर येतील. स्कायलाइटला किंचित गुलाबी झाक असते. ती रंगीत फिल्मसाठी होती. आज डिजिटलवर तिचा उपयोग नाही, पण तोटाही फारसा नाही, व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्यातली रंगांची दुरुस्ती) ते सावरून घेतो. यूव्ही फिल्टरचा खरा फायदा फिल्मवर, आणि तोही डोंगरमाथ्यावर किंवा समुद्रकिनारी, जिथे दूरचं दृश्य निळसर धुरकट येतं. डिजिटल सेन्सरच्या पुढे त्याचा स्वतःचा फिल्टर असतोच. जुनी लेन्स मिररलेस (आरसा नसलेल्या डिजिटल) कॅमेऱ्यावर लावणार असाल तर साधा क्लिअर फिल्टर पुरतो. यूव्ही चांगला आणि स्वस्त मिळाला तर तो घ्या. त्यात वाद घालण्यासारखं काही नाही.

वाद घालावा तो काचेवरच्या थराबद्दल. थर नसलेली काच प्रत्येक पृष्ठभागावर सुमारे ४ टक्के प्रकाश परत फेकते. फिल्टरला दोन पृष्ठभाग, म्हणजे ८ टक्के. चांगला बहुथरांचा फिल्टर हेच प्रमाण प्रत्येक पृष्ठभागाला अर्ध्या टक्क्याच्या खाली आणतो. जुन्या लेन्सचे स्वतःचेच थर बेताचे असतात, म्हणून तिच्यापुढे साधी काच ठेवली की धूसरपणा आणखी वाढतो. पेंटॅक्सने बहुथरांच्या ताकुमार लेन्स १९७१ मध्ये बाजारात आणल्या. त्याआधीच्या लेन्सवर फिल्टरच्या बाबतीत कंजुषी करू नका.

रिंगचा धातूही पाहा. ॲल्युमिनियमच्या आट्यांवर ॲल्युमिनियमची रिंग फार घट्ट झाली तर दोन्ही धातू एकमेकांना ओरबाडून चिकटतात. पितळी रिंग अशी सहसा चिकटत नाही. पितळी फिल्टर हातात जड लागतो आणि महागही असतो. वर्षभर लेन्सवरून काढायचाच नाही असा फिल्टर असेल तर ते पैसे वाया जात नाहीत.

पुण्याचा जुना बाजार असो की मुंबईचा चोर बाजार, जुने फिल्टर ढिगाने मिळतात. घेण्याआधी दोन गोष्टी करा. फिल्टर कानाजवळ हलवून पाहा. आतली काच खुळखुळत असेल तर तिला धरणारी तारेची किंवा आट्यांची रिंग सैल आहे. आट्यांची असेल तर घट्ट करता येते. मग फिल्टर ट्यूबलाइटखाली तिरपा धरा आणि काचेत नळीचं प्रतिबिंब पाहत तो हळूहळू फिरवा. प्रतिबिंबाची रेघ सरळ राहिली पाहिजे. ती वाकडी होत असेल किंवा लाटेसारखी हलत असेल तर काच सपाट नाही. ५० मिमीवर हा दोष कदाचित दिसणार नाही, पण १३५ किंवा २०० मिमीच्या लेन्सवर फोटो मऊ पडेल आणि दोष लेन्सच्या माथी मारला जाईल.

कड तपासा, आटे साफ करा

नवा फिल्टर घेऊन लगेच फिरवायला लागू नका. लेन्स टेबलावर तोंड वर करून ठेवा, टॉर्च बाजूने धरा आणि कडेचं वर्तुळ पूर्ण पाहा. जुन्या लेन्सला एक तरी पोचा असतोच. कॅमेरा खांद्यावरून घसरतो आणि नेमकी कड आपटते. पोचा किरकोळ असेल तर फिल्टर तिथे थोडा जड जाईल, एवढंच. कड आत वाकली असेल तर मात्र आधी ती सरळ करावी लागते.

त्यासाठी लेन्स व्हाइस नावाचं अवजार मिळतं. दोन वक्र जबडे आणि मधे स्क्रू. जबडे कडेच्या आत बसतात आणि स्क्रू फिरवला की ते बाहेर ढकलतात. एक जबडा बरोबर पोच्यावर आणि दुसरा समोरच्या बाजूला बसला पाहिजे. स्क्रू पाव फेरा फिरवा, सोडा, फिल्टर लावून पाहा, पुन्हा पाव फेरा. घाई केली तर ॲल्युमिनियमला चीर जाते. पितळ थोडं जास्त सोसतं. प्लास्टिकच्या कडेवर हा प्रयोग करू नये. पक्कड घेऊन कड ओढणारे लोक असतात. त्यांच्या लेन्स बाजारात पाहिल्या की ओळखू येतात, कडेला दातांच्या खुणा असतात.

आता आटे. त्यांत पन्नास वर्षांची धूळ, जुन्या ग्रीसचा काळा थर आणि कधी ॲल्युमिनियमची पांढरी पूड साचलेली असते. लेन्स उलटी, तोंड खाली करून हातात धरा. मऊ टूथब्रशच्या केसांना आयसोप्रोपिल अल्कोहोल जेमतेम लावा, इतकं की थेंब गळू नये, आणि आट्यांच्या दिशेने फिरवा. लेन्स उलटी धरायची ती मळ खाली पडावा आणि अल्कोहोल काचेच्या कडेतून आत शिरू नये म्हणून. मग कोरड्या ब्रशने पुन्हा एकदा. आट्यांना तेल लावायचं नाही. शिलाई मशीनचंही नाही आणि खोबरेलही नाही. उन्हाळ्यात ते पातळ होऊन काचेवर पसरतं. काही जण मऊ पेन्सिलीचं शिसं आट्यांवर घासतात. त्याने फिल्टर छान फिरतो खरा, पण काळी पूड काचेवर पडत राहते, म्हणून मी ते करत नाही.

पुढची काच ब्लोअरने झटका. तोंडाने फुंकर मारू नका, थुंकीचे कण उडतात. बोटाचा ठसा असेल तरच पुसा: मायक्रोफायबरच्या कापडाला लेन्स क्लीनरचा एक थेंब, मधून बाहेर गोल फिरवत, जोर न देता. आत दिसणाऱ्या धुळीच्या दोन-चार कणांनी फोटोवर काही फरक पडत नाही. ते तसेच राहू द्या.

काच काचेला लागते का?

ही तपासणी बहुतेक लोक गाळतात. काही लेन्सची पुढची काच कडेच्या बरोबरीने किंवा किंचित पुढे आलेली असते. काहींमध्ये फोकस फिरवला की काच पुढे सरकते. फिल्टरची काच तिला टेकली तर नेमक्या मधोमध ओरखडा पडतो, म्हणजे ज्यासाठी फिल्टर लावला तेच झालं.

तपासायला धातूची पट्टी घेऊ नका. जाड व्हिजिटिंग कार्डाची सरळ कड लेन्सच्या तोंडावर आडवी ठेवा आणि बाजूने पाहा. कार्ड आणि काच यांच्यात स्पष्ट फट हवी. फोकस अनंतावर नेऊन पाहा, मग सगळ्यात जवळ आणून पाहा. दोन्ही वेळा फट राहिली तर निर्धास्त. फट नसेल किंवा केसाएवढीच असेल तर जुना फुटका फिल्टर शोधून त्याची काच काढून टाका आणि ती रिकामी रिंग मधे लावून वर चांगला फिल्टर बसवा. दोन-तीन मिलिमीटरची जागा मिळते.

बसवणं

लेन्स टेबलावर सपाट, तोंड वर. टोपी काढून पुन्हा एकदा ब्लोअर. फिल्टर दोन बोटांत कडेने धरून लेन्सच्या तोंडावर अगदी सपाट ठेवा. आता तो उलट्या दिशेने, घड्याळाच्या काट्याच्या विरुद्ध, हलक्या हाताने फिरवा. पाऊण-एक फेऱ्यात हाताला बारीकशी टिक जाणवेल आणि फिल्टर केसभर खाली उतरेल. तिथे दोन्हीकडच्या आट्यांची तोंडं समोरासमोर आलेली असतात. तिथून दिशा बदला आणि घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरवत न्या.

फिल्टर दोन बोटांनी, स्वतःच्या वजनाने फिरत असल्यासारखा जायला हवा. अर्ध्या फेऱ्यातच जड झाला तर थांबा आणि बाजूने पाहा. फिल्टर आणि कड यांच्यातली फट एका बाजूला जास्त दिसत असेल तर आटे तिरके चढलेत. उलटा फिरवून पूर्ण काढा आणि पुन्हा टिक शोधा. ‘थोडा जोर दिला की बसेल’ हा विचार मनात आला की हात बाजूला घ्यावा.

शेवटाला लागला की आवळू नका. टेकला, की बस. मी तर टेकल्यावर केसभर मागे घेतो. फिल्टरवर कसलाही भार नसतो, तो घट्ट असण्याची काही गरज नाही.

यशिका-मॅट १२४जी चं गणित वेगळं. एकेकाळी आपल्याकडच्या कितीतरी स्टुडिओंत आणि लग्नाच्या फोटोग्राफरांच्या खांद्यावर हा कॅमेरा होता, आणि अजूनही घराघरांतल्या कपाटांतून तो निघतो. त्याच्या दोन्ही लेन्सना बे-१ हे बायोनेट आहे. फिल्टर आतल्या बाजूच्या कानांत बसतो आणि हूड बाहेरच्या कानांत, त्यामुळे दोन्ही एकदम लावता येतात. फिल्टरचे कान खाचांत उतरले की घड्याळाच्या काट्याप्रमाणे थोडं फिरवायचं, फक्त अडकेपर्यंत. संरक्षणासाठी खालच्या लेन्सला फिल्टर पुरतो, कारण फोटो तिच्यातून येतो. वरची फक्त बघण्यासाठी असते. बे-१ चे जुने फिल्टर मिळतात, पण बुरशी लागलेले बरेच. बे-१ वरून ४९ किंवा ५२ मिमीच्या आट्यांवर नेणारी रिंग घेतली तर नवा, चांगला फिल्टर लावता येतो. ती रिंग वरच्या लेन्सच्या समोर थोडी येऊन बघण्याच्या काचेत खालचा कोपरा झाकू शकते. फोटोवर त्याचा परिणाम नाही, सवयीचा प्रश्न आहे.

बसवल्यावर

पहिली तपासणी कोपऱ्यांची. २८ मिमी किंवा त्याहून रुंद लेन्सवर जाड फिल्टर, त्याखाली रिकामी रिंग आणि वर हूड असा मनोरा झाला की फोटोचे कोपरे काळे पडतात. फोकस अनंतावर, अ‍ॅपर्चर सर्वांत बारीक, आणि पांढऱ्या भिंतीचा किंवा ढगाळ आभाळाचा एक फोटो. काळे कोपरे बारीक अ‍ॅपर्चरवर जास्त ठळक दिसतात. ५० मिमी आणि पुढच्या लेन्सवर ही चिंता क्वचितच. छोट्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर तर ३५ मिमीवरही नाही.

पातळ ‘स्लिम’ फिल्टर कोपऱ्यांसाठी चांगले, पण त्यांतल्या काहींना पुढे आटेच नसतात. मग टोपीही बसत नाही आणि आट्यांचं हूडही नाही. घेताना फिल्टरच्या पुढच्या बाजूला बोट फिरवून पाहा.

लेन्सची मूळ धातूची टोपी बाहेरून बसणारी असेल तर तिचं माप आट्यांच्या मापापेक्षा मोठं असतं. यशिका इलेक्ट्रोचा फिल्टर ५५ चा, पण टोपी ५७ ची. फिल्टरची रिंग लेन्सच्या तोंडापेक्षा किंचित रुंद किंवा अरुंद असली की ती टोपी बसत नाही. फिल्टरच्या मापाची चिमटीत दाबून लावायची प्लास्टिकची टोपी घ्या, आणि मूळ टोपी डब्यात जपून ठेवा. लेन्स पुढे विकायची झाली तर तिलाही किंमत येते.

रेंजफाइंडर कॅमेऱ्यावर, म्हणजे लेन्समधून न बघता वेगळ्या खिडकीतून बघायच्या कॅमेऱ्यावर, आणखी एक बघायचं. एकाच फिल्टरमध्ये सगळ्या लेन्स भागाव्यात म्हणून लोक मोठ्या मापाकडे नेणारी रिंग लावतात. एसएलआर किंवा मिररलेसवर ते ठीक. कॅनोनेटसारख्या कॅमेऱ्यावर ५८ किंवा ६७ ची रिंग लावली तर बघायच्या खिडकीचा कोपरा झाकला जातो, आणि कधी रेंजफाइंडरची छोटी खिडकीसुद्धा. तिथे नेमक्या मापाचाच फिल्टर हवा.

अडकलेला फिल्टर

वापरलेली लेन्स घेतली की निम्म्या वेळा तिच्यावर कुणीतरी कधीतरी बसवलेला फिल्टर असतो, आणि तो निघत नाही. चिमटीत धरून जोर लावू नका. दोन बाजूंनी दाबलं की गोल रिंग लंबगोल होते आणि आट्यांत आणखी फसते.

पहिला उपाय रबराचा. जुन्या माऊसपॅडचा किंवा रबरी चपलेच्या तळाचा सपाट तुकडा टेबलावर ठेवा. लेन्सचं तोंड त्यावर टेकवा, म्हणजे फक्त फिल्टरची कड रबराला लागेल. वरून सगळीकडे सारखा, हलका दाब द्या आणि वरून बघता घड्याळाच्या काट्याच्या विरुद्ध दिशेने लेन्स फिरवा. लेन्स धरायची ती फिल्टरच्या लगतच्या धातूला. फोकसची रिंग धरून जोर लावलात तर तो सगळा जोर आतल्या सर्पिल आट्यांवर जातो. बहुतेक फिल्टर इथेच निघतात.

नाही निघाला तर फिल्टर काढायच्या प्लास्टिकच्या चिमट्यांची जोडी मिळते, ती रिंगला चहूबाजूंनी सारखी पकडते. तेही जमलं नाही तर लेन्स तोंड खाली करून धरा आणि सुईच्या टोकाने सांध्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एक थेंब सोडा. दहा मिनिटं थांबा, मग पुन्हा रबर. गंज सोडवणारे फवारे वापरू नका. ते आत झिरपतात, अ‍ॅपर्चरच्या पात्यांवर तेल बसतं आणि पाती चिकटतात. शेवटचा मार्ग म्हणजे फिल्टरची काच काढून रिंगला करवतीने खाच देणं आणि ती आत दाबून काढणं. तो कॅमेरा दुरुस्त करणाऱ्याकडेच करून घ्या. तिथे करवत घसरली तर पुढची काच जाते.

पावसाळा, रात्र आणि पिवळी ताकुमार

फिल्टर बुरशी थांबवत नाही, हे मुंबई-कोकण-गोव्यातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. उलट पावसात भिजलेल्या लेन्सवर फिल्टर तसाच ठेवला तर त्याच्या आणि पुढच्या काचेच्या मधली ओल अडकून पडते. बाहेरून आलात की फिल्टर काढून दोन्ही वेगवेगळे कोरडे होऊ द्या. एरवी लेन्स ४० ते ५० टक्के आर्द्रतेच्या ड्राय कॅबिनेटमध्ये, किंवा घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक घालून ठेवा. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत महिन्यातून एकदा फिल्टर दोन फेरे सैल करून पुन्हा लावायची सवय चांगली. आटे धरत नाहीत आणि काचांमध्ये काही उगवलंय का तेही दिसतं.

रात्री फिल्टर काढा. दिवाळीत आकाशकंदिलाचा किंवा रस्त्यावरच्या दिव्यांचा फोटो घेताना सेन्सरवरून परतलेला प्रकाश फिल्टरच्या मागच्या सपाट पृष्ठभागावर आपटून पुन्हा आत येतो आणि चौकटीच्या समोरच्या बाजूला त्याच दिव्याचं उलटं, फिकट भूत उमटतं. फिल्टर चांगला असेल तर कमी, पण दिसतंच. शंका असेल तर अंधाऱ्या खोलीत एक दिवा कोपऱ्यात ठेवून फिल्टरसह आणि फिल्टरविना असे दोन फोटो काढून शेजारी शेजारी पाहा.

आणि एक खास ताकुमारवाल्यांसाठी. सात काचांच्या सुपर ताकुमार ५० एफ/१.४ मध्ये थोरियम असलेली काच आहे, ती वर्षानुवर्षांत पिवळी पडते. अतिनील किरणांत ठेवली की पिवळेपणा उतरतो, म्हणून लोक ती खिडकीत उन्हात ठेवतात. त्या वेळी तिच्यावर यूव्ही फिल्टर असेल तर जे किरण हवेत तेच तो अडवतो. फिल्टर आणि दोन्ही टोप्या काढा, मागच्या बाजूखाली ॲल्युमिनियम फॉइल ठेवा, आणि लेन्समधून एकवटलेलं ऊन पडद्यावर किंवा लाकडावर पडणार नाही अशा जागी ती ठेवा. काही आठवड्यांत काच बरीच निवळते. मग आटे एकदा पुसून फिल्टर परत चढवा.